पहिलं वर्ष, आर्नहेम लँड

ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाला, आर्नहेम लँडमधल्या ज्या गावात मी नर्स आहे, तिथलं बाळ वर्षाचं होईपर्यंत वीसेक वेळा तरी दवाखान्यात येतं. सर्दी, कान, खोकला, अंगावर फोड, जुलाब, पुन्हा कान. मुंबईत पालिकेच्या रुग्णालयात नवजात बाळांच्या विभागात मी बरीच वर्षं काढली होती, त्यामुळे आजारी बाळ मला नवं नव्हतं. पण तिथे बाळ बरं झालं की घरी जायचं आणि आपला त्याच्याशी संबंध संपायचा. इथे बाळ बरं होतं, घरी जातं आणि पंधरा दिवसांनी दुसरंच काही घेऊन परत येतं.

नर्सिंग केलेल्या आपल्याकडच्या बऱ्याच मुली आता ऑस्ट्रेलियात येतात. ‘ताई, रिमोटला, म्हणजे दुर्गम भागात, जाऊ का?’ असं विचारणारे फोन मला येत असतात. फोनवर सगळं सांगता येत नाही, म्हणून एका बाळाचं पहिलं वर्ष कसं गेलं ते लिहिते. गावाचं नाव लिहीत नाही, बाळाचंही नाही. एवढ्या लहान वस्तीत दोन खुणांवरून माणूस ओळखू येतं. तिच्या आईला विचारून लिहिते आहे आणि जे लिहू नकोस म्हणाली ते गाळलं आहे.

इथपर्यंतची वाट थोडक्यात सांगते. नोंदणी, इंग्रजीची परीक्षा, ब्रिस्बेनमध्ये मुलांच्या वॉर्डात नोकरी, मग दुर्गम भागात जाणाऱ्यांसाठी आणीबाणीच्या उपचारांचं आणि बाळंतपणाचं प्रशिक्षण, लसीकरणाचा वेगळा अभ्यासक्रम. आर्नहेम लँड ही ॲबोरिजिनल लोकांच्या मालकीची जमीन, तिथे पाऊल ठेवायला परवाना लागतो. तो हातात आला की छोट्या विमानात बसायचं.

दवाखान्यात डॉक्टर रोज नसतो. रोज असतात त्या नर्स आणि ॲबोरिजिनल हेल्थ प्रॅक्टिशनर. हे हेल्थ प्रॅक्टिशनर म्हणजे इथल्याच समाजातली, रीतसर शिकून नोंदणी झालेली माणसं. तपासतात, औषध देतात, लस टोचतात. डॉक्टर फोनवर. टेबलावर ‘कार्पा’ची उपचारपुस्तिका, मध्य ऑस्ट्रेलियातल्या दुर्गम दवाखान्यांत काम करणाऱ्यांनी एकत्र येऊन सुरू केलेली. कोणत्या वजनाच्या बाळाला कोणतं औषध किती, डॉक्टरला कधी उठवायचं, विमान कधी मागायचं, सगळं त्यात आहे. माझ्या प्रतीची पानं आता कडेला मऊ पडलीत.

माझ्याबरोबरची हेल्थ प्रॅक्टिशनर माझ्याहून वयाने बरीच मोठी. काही आठवड्यांनी तिने मला बहीण मानलं, तेव्हापासून मी तिला याप म्हणते. योल्ङू, म्हणजे इथले ॲबोरिजिनल लोक, बहिणीला याप (yapa) म्हणतात. एक नातं ठरलं की बाकीची सगळी आपोआप ठरतात. तिची मुलं ती माझी मुलं, तिचा भाऊ तो माझा भाऊ. हे नुसतं लाडाचं नसतं. कोणी कोणाशी काय बोलायचं आणि काय बोलायचं नाही याचे त्यात पक्के नियम असतात, आणि दवाखान्याच्या कामात त्यांचा केवढा उपयोग होतो ते पुढे येईलच.

इथल्या बायकांची बाळंतपणं गावात होत नाहीत. अडतिसाव्या आठवड्याच्या सुमारास त्यांना विमानाने शहरात नेतात आणि दिवस भरेपर्यंत तिथल्या वसतिगृहात ठेवतात. या बाळाची आई विशीतली. तिकडे डार्विन शहरात आपली भाषा बोलणारं माणूस जवळ नाही, पहिलं बाळंतपण, आणि माहेरची बाई सोबतीला नाही. मराठी मुलीला त्याची कल्पना वेगळी करून द्यायला नको. बाळ दहा-बारा दिवसांचं असताना ती परतली. बीसीजी आणि हिपॅटायटीस बीची लस तिथेच दिलेली, वजन अडीच किलोला थोडं कमी.

याप आणि मी घरी गेलो. अंगणात चिंचेचं मोठं झाड. इंडोनेशियातल्या मकासरचे व्यापारी शेकडो वर्षांपूर्वी समुद्री काकडी नावाचा समुद्रजीव गोळा करायला या किनाऱ्यावर येत, चिंचा त्यांनी आणलेल्या. झाडाखाली चटईवर सात-आठ बायका, आणि बाळ या मांडीवरून त्या मांडीवर. योल्ङूंमध्ये आईच्या बहिणीही आईच असतात, त्यामुळे बाळाला अनेक आया. तीन खोल्यांच्या घरात चौदा-पंधरा माणसं. बाळ अंगावर पीत होतं, छान पीत होतं. इथल्या आया अंगावर पाजतात आणि बराच काळ पाजतात, ही या सगळ्या गोष्टीतली फार मोठी जमेची बाजू आहे. नाळ, टाळू, डोळे, कातडी, कान, मांड्यांचे सांधे, सगळं पाहिलं. त्या दिवशी बाळ ठणठणीत होतं.

सहाव्या आठवड्याला लसी. सहा आजारांची एकत्र लस, न्यूमोकोकसची, मेनिंगोकोकस बीची, आणि तोंडातून रोटाव्हायरसची. मेनिंगोकोकस बीची लस ॲबोरिजिनल बाळांना २०२० पासून राष्ट्रीय कार्यक्रमात मोफत मिळते. रोटाव्हायरसच्या लसीला वयाची मर्यादा आहे. ठरलेल्या वयाच्या पुढे गेलं की तो डोस कायमचा हुकतो. जुलाबांनी सुकलेलं सहा महिन्यांचं बाळ ज्याने पाहिलंय त्याला ती तारीख चुकवावीशी वाटत नाही. पण कुटुंब शिकारीला, अंत्यविधीला, नातेवाइकांकडे दुसऱ्या वस्तीवर गेलेलं असू शकतं, आणि अंत्यविधी इथे आठवडेच्या आठवडे चालतात. त्यामुळे याप सकाळी गाडी काढायची आणि कोण कुठे आहे हे विचारत फिरायची. संगणकात ‘संपर्क झाला नाही’ असा शेरा असलेलं बाळ तिला दुकानाच्या दारात सापडायचं. लस तिथेच, गाडीतल्या शीतपेटीतून.

त्याच भेटीत कानात पाहिलं, तर डावा पडदा लाल आणि फुगलेला. बाळाला ताप नाही, रडणं नाही, दूध नेहमीसारखं चाललेलं. कानाचा आजार इथल्या बाळांत असाच गुपचूप येतो. कान दुखला की बाळ रडेल, मग आई आणेल, या हिशेबावर राहिलात तर पडदा फाटून पू बाहेर येईपर्यंत कळत नाही. म्हणून बाळ कशासाठीही येवो, कान पाहायचेच. कानाला त्रास देणारे जंतू या बाळांच्या नाकात जन्मानंतर काही आठवड्यांतच मुक्काम करतात, आणि एका घरात लहान मुलं जितकी जास्त तितके लवकर. डार्विनच्या मेन्झिस या आरोग्य संशोधन संस्थेने या विषयावर कित्येक वर्षं काम केलं आहे. मधल्या कानाची जुनाट पूयुक्त सूज एखाद्या समाजातल्या चार टक्क्यांहून अधिक मुलांत असेल तर तो तातडीने हाताळायचा सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न, असं जागतिक आरोग्य संघटना धरते. इथल्या अनेक वस्त्या त्या रेषेच्या कितीतरी वर आहेत.

अमॉक्सिसिलिन सुरू केलं. पातळ केलेलं हे औषध फ्रिजमध्ये ठेवावं लागतं, म्हणून बाटली देण्याआधी घरातला फ्रिज चालतो का हे विचारायचं. चालत नसेल तर बाळाला रोज दवाखान्यात आणायला गाडी पाठवायची, किंवा डॉक्टरशी बोलून ॲझिथ्रोमायसिनचा एकच डोस समोर पाजायचा. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. घरी फ्रिज नाही हे माहीत असूनही औषधाची बाटली हातात देऊन ‘आई औषध देत नाही’ असं लिहिणं हा अन्याय आहे, आणि तसं लिहिलेलं मी जुन्या नोंदींत वाचलं आहे.

पुढे तो कान फुटलाच. मग सुरनळीचं काम सुरू झालं. मऊ टिश्यूपेपरची पट्टी फाडायची, एका टोकाला पीळ देत देत अणकुचीदार सुरनळी करायची, ती कानात हळूच घालून अर्ध्या मिनिटाभराने काढायची. ओली निघाली की दुसरी. कोरडी निघेपर्यंत हेच. मग सिप्रोफ्लॉक्सासिनचे थेंब, आणि कानाच्या तोंडाशी असलेला कूर्चेचा लहानसा उंचवटा बोटाने काही वेळा दाबायचा, म्हणजे थेंब फाटलेल्या पडद्यातून आत जातात. पू न पुसता थेंब घातले तर ते पुवावरच तरंगतात आणि वाया जातात. पहिल्या दिवशी मी केलं, दुसऱ्या दिवशी आईने माझ्यासमोर केलं, तिसऱ्या दिवशी तिच्या धाकट्या बहिणीने. ती शाळकरी मुलगी इतक्या हलक्या हाताने सुरनळी फिरवायची की बाळ झोपेतच राहायचं. कान वाहतो म्हणजे ऐकू कमी येतं, आणि बोलणं शिकायच्या वयात ऐकू कमी आलं तर पुढे शाळेत मागे बसलेलं मूल ‘लक्ष देत नाही’ ठरतं. त्या सुरनळ्या इतक्या चिकाटीने का करायच्या, याचं उत्तर तिथे आहे.

तिसऱ्या महिन्यात तळहातांवर आणि तळपायांवर पाणीदार पुळ्या. खरूज. मोठ्यांची खरूज बोटांच्या बेचक्यांत शोधतात, बाळाची तळव्यांवर. खाजवून कातडी फुटते, तिथून स्ट्रेप्टोकोकस शिरतो, फोड पिकतात, आणि हाच जंतू पुढे मूत्रपिंडाला सूज आणतो. संधिवाताचा ताप आणि त्यातून हृदयाच्या झडपांचा आजार यांचं मूळही तोच. शाळेत जाणारी दहा वर्षांची मुलं दर चार आठवड्यांनी पेनिसिलिनचं दुखरं इंजेक्शन घ्यायला येतात आणि दात आवळून उभी राहतात, ती मी पाहते. म्हणून बाळाच्या तळव्यावरच्या पुळीकडे मला ‘नुसती खाज’ म्हणून पाहता येत नाही.

पिकलेल्या फोडांवर पूर्वी बाळांनाही तेच इंजेक्शन असायचं. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या मेन्झिसच्या अभ्यासाने दाखवलं की तोंडातून थोडे दिवस दिलेलं को-ट्रायमोक्साझोल तितकंच गुण देतं. ते वाचून मला गडचिरोली आठवली. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ने गावातल्या कार्यकर्त्यांच्या आणि सुइणींच्या हातून बाळांच्या न्यूमोनियावर हेच औषध दिलं होतं. डॉक्टर लांब असलेल्या गावात साधं, पाजता येणारं औषध आणि ते देणारं गावचं माणूस मिळालं की किती फरक पडतो, हे तिथे १९९० च्या आधीच दिसून आलं होतं.

खरजेला परमेथ्रिनचं मलम. बाळाला डोक्यापासून पायापर्यंत, डोळे-तोंड वगळून, रात्रभर, आठवड्याने पुन्हा. आणि घरातल्या सगळ्यांनी त्याच दिवशी लावायचं, अंथरुणं-कपडे धुवायचे किंवा कडक उन्हात टाकायचे. पंधरा माणसांच्या घरात हे बोलायला सोपं आहे. तरी त्या घराने केलं. बाळ स्वच्छ झालं. महिन्याभरात पुळ्या परत. पुन्हा सगळ्यांनी मलम लावलं. पुन्हा परत.

तिसऱ्यांदा यापने मलमाचं खोकं उघडलंच नाही. ती बायकांमध्ये जाऊन बसली आणि बाळ दिवसभर कोणाकोणाजवळ असतं हे ऐकत राहिली. त्यात आजीच्या भावाचं नाव आलं. तो पलीकडच्या घरात राहायचा आणि दुपारी बाळाला छातीवर घेऊन झोपायचा. त्याच्या कोपरांवर आणि हातांच्या मागच्या बाजूला जाड, पांढरट खपल्या होत्या. खाज म्हणावी तशी नव्हती, म्हणून त्याला खरूज म्हणायचं कोणाच्या मनात आलं नव्हतं. ही खपलीची खरूज. साध्या खरजेत अंगावर दहा-पंधरा किडे असतात, हिच्यात हजारो, कधी लाखो. अशा एका माणसाच्या सहवासात बाळाला कितीही मलम लावलं तरी उपयोग नसतो.

आता त्याला सांगायचं कोणी? नात्याने तो यापचा भाऊ लागत होता, आणि योल्ङूंमध्ये सख्ख्या-चुलत कोणत्याही भाऊ-बहिणींनी एकमेकांशी अशा गोष्टी बोलायच्या नसतात. मी यापची बहीण, म्हणजे मीही नाही. यापने शेजारच्या वस्तीवरच्या पुरुष हेल्थ प्रॅक्टिशनरला बोलावलं, तो त्याच्या योग्य नात्यातला होता. ते दोघे समुद्राकडे तोंड करून बराच वेळ बसले. दुसऱ्या दिवशी म्हातारबाबा स्वतःहून दवाखान्यात आले. रुग्णालयात आयव्हरमेक्टिनच्या गोळ्या, मलमं, खपल्या मऊ करणारा लेप, असं सगळं होऊन परतले. इकडे ते यायच्या आधी दोन्ही घरांत एकाच दिवशी मलम लावून झालं होतं. त्यानंतर बाळाचे तळवे स्वच्छ राहिले.

मी एकटी असते तर मलमाच्या खोक्यांची मागणी नोंदवत राहिले असते. दुर्गम दवाखान्यांतल्या परिचारिका काही महिन्यांच्या करारावर येतात आणि जातात. प्रत्येक जण पुस्तिकेप्रमाणे बरोबर उपचार करते, आणि पुढच्या पुरळाच्या वेळी समोर नवी नर्स असते. तिसऱ्यांदा आलेली खरूज तिच्यासाठी पहिलीच असते.

पाचव्या महिन्यात, भर पावसाळ्यात, रात्री ऑन-कॉलचा फोन वाजला. बाळाचं पोट उडतंय, दूध ओढत नाही. दवाखान्यात आणलं तेव्हा नाकपुड्या फुलत होत्या, बरगड्यांच्या खाली खड्डा पडत होता. श्वास मोजले. मोजायचे ते पूर्ण एक मिनिट, बाळ शांत असताना, अंगातलं काढून. शिकत असताना आम्हाला शोधग्रामला, ‘सर्च’च्या गडचिरोलीतल्या केंद्रावर, नेलं होतं, तिथे श्वास मोजायची लाकडी पाटी पाहिली होती: मिनिटभराची वाळू आणि तारेत ओवलेले मणी. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा, वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला तर न्यूमोनिया. आकडे न येणाऱ्या सुईणीलाही निदान करता यावं म्हणून केलेली. या वयाला पन्नासची मर्यादा. आमच्या बाळाचे सत्तरच्या जवळ जात होते, आणि रक्तातला ऑक्सिजन नव्वद टक्क्यांच्या खाली.

ऑक्सिजन लावला, नाक मोकळं केलं, डॉक्टरला फोन. व्हिडिओवर त्यांनी बाळाची छाती पाहिली आणि विमान मागवलं. विषाणूचा ब्राँकिओलायटिस, म्हणजे बारीक श्वासनलिकांची सूज, वाटत होता, पण त्यावर जिवाणूचा न्यूमोनिया बसला असेल तर या वयाच्या बाळात वाट पाहत नाहीत, म्हणून अँटिबायोटिकही सुरू. आईच्या मांडीवरच ठेवलं. रडवलं तर ऑक्सिजन आणखी उतरतो. वादळामुळे विमान लगेच निघू शकलं नाही. यापचा मुलगा गाडी घेऊन धावपट्टीवर गेला, कारण रात्री तिथे वॉलबी, म्हणजे छोटे कांगारू, येऊन बसतात आणि विमान उतरण्याआधी त्यांना हाकलावं लागतं. यापने आईच्या मागे बसून तिला पाठीशी धरलं होतं. दोघी हळू आवाजात बोलत होत्या, मला त्यातलं फारसं कळत नव्हतं. मी दर थोड्या वेळाने श्वास मोजून लिहीत होते. पहाटे केअरफ्लाइट या हवाई रुग्णवाहिका सेवेचं विमान उतरलं आणि आई-बाळ त्यातून रुग्णालयात गेल्या. तपासणीत आरएसव्ही हा श्वासमार्गाचा विषाणू निघाला. आठवडाभराने दोघी परत आल्या.

परत आल्यानंतरची तपासणी ही मला त्या रात्रीइतकीच मोलाची वाटते, आणि ती सहज राहून जाते, कारण बाळ आता हसत असतं. छातीत घरघर, ओला खोकला उरला होता. चार आठवड्यांहून जास्त चालणारा ओला खोकला इथे सोडून द्यायचा नसतो. तो तसाच राहिला, पुन्हा पुन्हा न्यूमोनिया झाला, तर श्वासनलिका कायमच्या रुंदावतात, आणि त्या मुलाला मोठेपणीही तोच खोकला सोबत राहतो. आईला हे कुणी नीट सांगितलेलं नव्हतं. गावात सगळीच मुलं खोकतात, त्यामुळे खोकला हा आजार वाटतच नाही. यापने तिला फुप्फुसाचं चित्र काढून दाखवलं. अँटिबायोटिकचा लांब कोर्स पुरा झाला, खोकला थांबला.

सहाव्या महिन्यात वजनाची रेघ सपाट झाली. हिमोग्लोबिन कमी. लोहाचं औषध सुरू झालं, घरात वरचं अन्न काय देता येईल हे बोलणं झालं. दुकानातल्या भाज्या बोटीने येतात, महाग असतात, पावसाळ्यात सुकलेल्या असतात. पण माशाचा मऊ गर, खेकडा, कासवाची अंडी, रताळं हे घरचंच. आजीला ते सांगायची गरज नव्हती, तिने तिच्या मुलांना तेच भरवलेलं.

वजन कमी आहे हे कसं सांगायचं, याची मात्र फार काळजी घ्यावी लागते. १९१० ते १९७० च्या दरम्यान सरकारी माणसांनी आणि मिशनऱ्यांनी ॲबोरिजिनल मुलं आयांच्या हातून काढून नेली. त्याबद्दल संसदेत माफी मागितली गेली ती २००८ साली. आजही कागद घेऊन ‘घरात किती जण झोपतात, काय खायला देता’ असं विचारणारी परकी बाई समोर आली की आईच्या मनात पहिली भीती तीच उठते: हिला माझं बाळ न्यायचं आहे. भीती वाटली की ती दवाखान्यात येणंच थांबवते. म्हणून हे प्रश्न मी विचारत नाही. याप विचारते, चटईवर बसून, आधी स्वतःच्या नातवंडांचं सांगून.

घराबद्दलही लिहायला हवं, कारण बाहेरचे लोक पटकन म्हणतात, ‘हात धुवायला शिकवा’. १९८७ साली दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटी भागात ङानम्पा हेल्थ कौन्सिलने लोक आजारी का पडतात याचा शोध घेतला. वास्तुविशारद पॉल फोलरोस आणि डॉक्टर पॉल टॉर्झिलो त्यात होते. त्यातून निरोगी राहायला घरात काय काय करता आलं पाहिजे याची नऊ गोष्टींची यादी निघाली, आणि पहिली गोष्ट अंघोळ, त्यातही पाच वर्षांखालच्या मुलांची. मग त्यांनी देशभर हजारो घरं तपासली. नळ, शॉवर, मोरीचं पाणी जाणं, गिझर. बिघाडांपैकी राहणाऱ्यांनी केलेले दहा टक्क्यांहूनही कमी निघाले. बाकीचं सगळं मुळात चुकीचं बांधलेलं किंवा कधी देखभालच न झालेलं. आमच्या बाळाच्या घरी मोरी तुंबलेली होती, न्हाणीत पाणी साचायचं, म्हणून बाळाची अंघोळ अंगणातल्या नळावर. तक्रार आईने नोंदवली होती, आजीने नोंदवली होती. मी दवाखान्याच्या कागदावर ‘या घरातल्या बाळाला वारंवार त्वचेचा संसर्ग होतो’ असं लिहून पुन्हा पाठवली, आणि प्लंबर येईपर्यंत पाठवत राहिले. प्लंबर महिन्यांनी आला. नर्सचं हे काम नाही असं मला एका बाहेरून आलेल्या सहकाऱ्याने सांगितलं होतं. माझं मत उलटं आहे: खरजेचं मलम आणि त्या मोरीचा पाठपुरावा हा एकच उपचार आहे.

वर्षाची तपासणी झाली. गोवर-गालगुंड-रुबेलाची आणि इतर लसी झाल्या, हिमोग्लोबिन वर आलं, वजनाची रेघ पुन्हा चढू लागली. छाती स्वच्छ. उजवा कान चांगला आहे. डाव्या कानाच्या पडद्याला अजून छोटं भोक आहे, कधी कोरडं, सर्दी झाली की ओलं. कानाच्या तज्ज्ञांच्या पुढच्या फेरीच्या यादीत तिचं नाव आहे, तोवर मावशीच्या सुरनळ्या चालू आहेत.

तीच मावशी आता हेल्थ प्रॅक्टिशनरचं शिक्षण घेते आहे. आठवड्यातले काही दिवस यापच्या मागे मागे घरोघर फिरते. घरात आणखी एक बाळ येणार आहे. २०२५ च्या फेब्रुवारीपासून गरोदर बायकांना आरएसव्हीची लस मोफत मिळते, अठ्ठाविसाव्या आठवड्यापासून देता येते. त्या घरातल्या गरोदर सुनेला ती लस देण्याची तारीख पुढच्या मंगळवारी आहे. पण पलीकडच्या वस्तीवर अंत्यविधी सुरू आहे आणि सगळे तिकडे गेलेत, म्हणून शीतपेटी घेऊन आम्ही तिघी सोमवारीच निघणार आहोत.